गाठी नव्हेत, गाठ इन्सुलिनशी आहे

लग्नसराई जवळ आली की मराठवाड्यातल्या कितीतरी घरांत सोनोग्राफीचा एक कागद कपाटात कपड्यांच्या घडीखाली जातो. त्याच्या शेवटच्या ओळीत अंडाशयांचा 'पीसीओ पॅटर्न' आहे एवढंच लिहिलेलं असतं. घरात त्याचं भाषांतर होतं, 'पोरीच्या पिशवीला गाठी आहेत.' मग वाद पेटतो. मावशी, काकू आणि शेजारी म्हणतात, हे सगळं मैद्याचं, मोबाइलचं आणि रात्री दोनपर्यंत जागण्याचं फळ आहे, आमच्या वेळी असलं काही नव्हतं. शिकलेली मुलगी उसळून म्हणते, हा हार्मोन्सचा आजार आहे, माझ्या खाण्याजेवणाचा याच्याशी काडीचाही संबंध नाही. सप्टेंबर महिना या आजाराच्या, म्हणजे पीसीओएसच्या (पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोम, बोलण्यात 'पीसीओडी'), जागृतीचा म्हणून पाळला जातो. तेव्हा हाच वाद भाषणांत आणि समाजमाध्यमांवर जरा सुशिक्षित भाषेत पुन्हा होतो.

या वादाची मांडणीच चुकली आहे. पीसीओएसच्या मुळाशी संप्रेरकांचं असंतुलन आहे, याबद्दल वैद्यकशास्त्रात आता दुमत नाही. पण त्या संप्रेरकांच्या यादीत रक्तातली साखर पेशींत पोचवणारं इन्सुलिनही आहे, हे दोन्ही बाजू विसरतात. इन्सुलिनचा संबंध जेवणाशी, स्नायूंशी, झोपेशी आणि आईच्या पोटात मिळालेल्या पोषणाशीही आहे. त्यामुळे 'हार्मोन की राहणीमान' हा प्रश्न 'पीक पावसाने येतं की जमिनीने' अशा जातीचा आहे. उत्तर कोणतंही द्या, दोष शेवटी मुलीच्याच पदरी पडतो. आणि 'तिची साखर कुणी तपासली का' हा खरा प्रश्न विचारायचा राहून जातो.

असंतुलन हा शब्द आपण 'पित्त झालंय'सारखा मोघम वापरतो, म्हणून ते नेमकं कशाचं हे आधी पाहू. मेंदूतल्या हायपोथॅलॅमसमधून जीएनआरएच हे संप्रेरक ठोक्याठोक्याने सुटतं. त्याच्या इशाऱ्यावर पिट्युटरी ग्रंथी अंडाशयासाठी एफएसएच आणि एलएच ही दोन संप्रेरकं सोडते. ठोके संथ असले की ती एफएसएचकडे झुकते, जलद झाले की एलएचकडे. पीसीओएसमध्ये हे ठोके जलदच राहतात. त्यामुळे एलएच वाढतं आणि एफएसएच त्या मानाने तोकडं पडतं. अंडाशयात बीज ज्या पुटकात वाढतं, त्याच्या बाहेरच्या थरातल्या पेशी एलएचच्या हुकमाने अँड्रोजेन, म्हणजे टेस्टोस्टेरॉनच्या कुळातली संप्रेरकं बनवतात. आतल्या थरातल्या पेशी एफएसएचच्या जोरावर त्यांचं इस्ट्रोजेन करतात. पहिलं काम जोरात चाललेलं आणि दुसरं मंदावलेलं, तेव्हा अँड्रोजेन साचणार हे उघड आहे. पुटकं २ ते ९ मिलिमीटरपर्यंत येतात आणि तिथेच खुंटतात. बीज बाहेर पडायला एखाद्या पुटकाला साधारण १८ ते २० मिलिमीटर गाठावे लागतात. पेरणी झाली, उगवणही दाट झाली, पण पुढची पाणीपाळी आलीच नाही, तर रान जसं दिसेल तसं ते अंडाशय सोनोग्राफीत दिसतं. ज्यांना आपण गाठी म्हणतो ती ही वाढ थांबलेली पुटकं आहेत. त्या कापायच्या नसतात, विरघळवायच्याही नसतात.

आता बीजच सुटलं नाही तर प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक तयार होत नाही. जीएनआरएचचे ठोके संथ करण्याचं काम एरवी हेच प्रोजेस्टेरॉन करतं. ते नाही म्हणून ठोके जलद, ठोके जलद म्हणून बीज नाही. रहाटगाडगं फिरत राहतं आणि त्याला बाहेरून रेटा देतं इन्सुलिन. स्नायू इन्सुलिनला दाद देईनासे झाले की स्वादुपिंड ते अधिक सोडतं. गंमत अशी की अंडाशय मात्र इन्सुलिनच्या बाबतीत बहिरं होत नाही. वाढलेलं इन्सुलिन तिथे एलएचला साथ देऊन अँड्रोजेन आणखी वाढवतं. यकृतात ते एसएचबीजी नावाचं प्रथिन कमी करतं. टेस्टोस्टेरॉनला धरून ठेवणारं हे प्रथिन घटलं की मोकळं टेस्टोस्टेरॉन वाढतं, आणि काम करतं ते मोकळंच. म्हणून हनुवटीवर राठ केस आहेत, पुरळ जात नाही, तरी एकूण टेस्टोस्टेरॉनचा अहवाल 'नॉर्मल' येतो आणि 'तुला काही झालेलं नाही' असं ऐकून मुलगी घरी परतते. मानेवर, काखेत काळपट मखमली थर दिसतो, तो मळ समजून घासला जातो. ती बहुधा वाढलेल्या इन्सुलिनची खूण असते आणि ती ओळखायला यंत्र लागत नाही.

हे धागे जुळायला शास्त्रालाही वेळ लागला. पॅरिसमध्ये आशार आणि थिएर्स यांनी १९२१ मध्ये 'दाढीवाल्या स्त्रियांचा मधुमेह' असं वर्णन केलं, म्हणजे साखर आणि राठ केस यांची सांगड शंभर वर्षांपूर्वीच कुणाच्या तरी ध्यानात आली होती. पण आजाराला नाव मिळालं ते दुसऱ्याच वाटेने. शिकागोच्या स्टाइन आणि लेव्हेंथल यांनी १९३५ मध्ये पाळी थांबलेल्या, मोठं अंडाशय असलेल्या सात स्त्रियांची नोंद केली. अंडाशयाचं आवरण जाड झालंय, म्हणून बीज आत कोंडलं जातंय, अशी त्यांची समजूत. त्यांनी अंडाशयाची पाचर कापून काढली आणि पाळी परत आली. उपाय लागू पडला, पण कारण चुकीचं होतं. अँड्रोजेन बनवणारा भागच कमी झाला, म्हणून चक्र काही काळ सुटलं. त्यानंतर अनेक दशकं बायकांची अंडाशयं कापली गेली आणि पुष्कळ जणींच्या पोटात चिकटलेल्या जखमांनी नवं वंध्यत्व आणलं. वाढलेलं इन्सुलिन आणि अँड्रोजेन यांचं नातं मोजून दाखवायला १९८० उजाडावं लागलं.

राहणीमानवाल्यांचा सगळ्यात भक्कम मुद्दा तोलताना मला स्टाइन-लेव्हेंथल आठवतात. मुद्दा खरा आहे आणि तो आडवळण न घेता मान्य केला पाहिजे. जाड मुलीचं वजन ५ ते १० टक्के उतरलं तर पुष्कळदा पाळी सुधारते, बीज सुटू लागतं, इन्सुलिन खाली येतं. ७० किलोच्या मुलीला त्यासाठी साडेतीन ते सात किलो पुरतात. वजन वाढेल तसा आजार बळावतो, हेही खरं. पण वजन उतरल्यावर आराम पडला म्हणून वजन हेच कारण, असं म्हणणं म्हणजे पाचर कापल्यावर पाळी आली म्हणून आवरण हेच कारण, असं म्हणण्यासारखं आहे. वजन या गाडग्याला गती देतं. गाडगं बसवलेलं असतं ते पुष्कळदा वंशातून. आई, मावशी, बहीण यांच्यात तोच आजार सापडतो आणि बापाच्या किंवा भावाच्या रक्तातही साखर-चरबीचा बिघाड दिसू शकतो. 'आमच्या वेळी नव्हतं' म्हणणाऱ्या आत्याला चार वर्षं मूल झालं नव्हतं आणि चाळिशीत मधुमेह झाला, हे त्याच घरातल्या कुणाला जोडून पाहावंसं का वाटत नाही?

शहरी चैनीचा आजार ही समजूतही टिकत नाही. इटलीच्या वालिस्नेरी यांनी १७२१ मध्ये जिचं वर्णन केलं ती तरुण, विवाहित, जराशी स्थूल, मूल नसलेली बाई खेड्यातली शेतकरीण होती. कबुतराच्या अंड्याएवढी, पांढरी, चकचकीत, उंचसखल अंडाशयं असं त्यांनी लिहून ठेवलं. तेव्हा ना फास्ट फूड होतं ना मोबाइल. आपल्याकडे गुंता आणखी वाढतो, कारण आपलं शरीर काट्यावर खोटं बोलतं. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये स्वतःचंच उदाहरण छापलं. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, २२.३. युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या २१.२ टक्के. पुण्याजवळच्या खेड्यांत याज्ञिकांनी केलेल्या अभ्यासात बाळांचं सरासरी वजन २.७ किलो होतं, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचं ३.५. आपली बाळं हाडकुळी, पण चरबी मात्र त्या मानाने राखून असलेली. म्हणून बीडच्या किंवा हिंगोलीच्या ४८ किलोच्या मुलीला 'तू तर बारीक आहेस, तुला कुठला पीसीओडी' असं सांगणं धोक्याचं आहे. तिची कंबर मोजा, मान पाहा, साखर तपासा.

याहून वेगळा एक मुद्दाही कमी वजनदार नाही. सोनोग्राफी सेंटर तालुक्यातालुक्यांत झाल्यापासून पीसीओडीचं लेबल फार स्वस्त झालंय, असं काही डॉक्टरच सांगतात. ते बरोबर आहे. २००३ च्या रॉटरडॅम निकषांनुसार तीनपैकी दोन गोष्टी लागतात: पाळीची अनियमितता, अँड्रोजेन वाढल्याची खूण किंवा चाचणी, आणि सोनोग्राफीतलं ठरावीक चित्र. सोनोग्राफी एकटी काहीच ठरवत नाही. पाळी सुरू झाल्यापासून आठ वर्षं उलटेपर्यंत निदानासाठी ती वापरूच नये, कारण त्या वयात निरोगी अंडाशयातही पुटकांची गर्दी असते. म्हणजे तेराव्या वर्षी पाळी आलेल्या मुलीच्या सोनोग्राफीला एकविसाव्या वर्षापर्यंत या कामी किंमत नाही. तिच्यात पाळीची गडबड आणि अँड्रोजेनची खूण दोन्ही हवीत. पहिल्या वर्षी पाळी मागेपुढे होणं स्वाभाविक असतं. पुढची दोन वर्षं ४५ दिवसांपर्यंत चालतं, त्यानंतर ३५ ही मर्यादा. ९० दिवस पाळी आलीच नाही, तर मात्र पहिलं वर्ष सरल्यानंतर कोणत्याही वयात दाखवायला हवं. एवढं पाळलं तरी कितीतरी मुलींच्या कपाळावरचं लेबल गळून पडेल.

चुकीचं लेबल किती महागात पडतं त्याचं आपल्या भागातलं उदाहरण म्हणजे पोलीस भरतीची तयारी करणारी मुलगी. पहाटे मैदानावर ८०० मीटरचे फेरे, दिवसभर अभ्यास, जेवणात दोन भाकरी आणि पातळ आमटी. सहा महिन्यांत पाळी थांबते. सोनोग्राफीत तिचंही अंडाशय पुटकांनी भरलेलं दिसू शकतं. कागदावर 'पीसीओ', सल्ला 'वजन कमी करा'. प्रत्यक्षात तिच्या मेंदूने, अन्न पुरत नाही हे ओळखून जीएनआरएचचे ठोके मंद केलेले असतात आणि एलएच खाली गेलेलं असतं. हा पीसीओएसच्या उलटा प्रकार. हिला जास्त खायला घालायचं असतं आणि धावणं काही काळ कमी करायचं असतं. चित्र तेच, इलाज विरुद्ध. हाडं ठिसूळ होण्याचा धोका हिचा. एलएच, एफएसएच आणि इस्ट्रोजेन न पाहता, ती दिवसभरात काय खाते हे न विचारता, नुसत्या चित्रावरून सल्ला देणाऱ्याला हे कसं कळणार?

लेबल स्वस्त झालं म्हणून आजारच थोतांड आहे, असं मात्र होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने प्रजननक्षम वयातल्या १० ते १३ टक्के स्त्रियांना तो असतो आणि त्यातल्या ७० टक्क्यांपर्यंत स्त्रियांना तो असल्याचं माहीतच नसतं. म्हणजे ज्यांना नाही त्यांच्यावर शिक्का आणि ज्यांना आहे त्यांना पत्ता नाही, असा दुहेरी घोळ. तो निस्तरायला हजारो रुपयांची 'पीसीओडी प्रोफाइल', म्हणजे तपासण्यांचं पॅकेज, लागत नाही. गरोदरपणाची चाचणी, थायरॉइडसाठी टीएसएच, दुधाचं संप्रेरक प्रोलॅक्टिन, टेस्टोस्टेरॉन आणि एसएचबीजी, गरजेप्रमाणे अधिवृक्क ग्रंथीचा जन्मजात बिघाड वगळायला १७-हायड्रॉक्सिप्रोजेस्टेरॉन एवढं बस होतं. रक्त पाळीच्या दुसऱ्या ते पाचव्या दिवशी द्यावं. गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तर टेस्टोस्टेरॉनचा आकडा फसवा येतो, त्या किमान तीन महिने बंद असायला हव्यात. उपाशीपोटीचं इन्सुलिन प्रोफाइलमध्ये हमखास असतं, पण निदानाला त्याचा उपयोग नाही. उलट ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी मोजायची साखर, जी खरी हवी, ती बहुतेक प्रोफाइलमध्ये नसते.

पीसीओएसवर दिल्या जाणाऱ्या गर्भनिरोधक गोळ्यांबद्दलचा राग मी समजू शकतो. 'गोळी घेतली की पाळी येते, सोडली की थांबते, मग उपयोग काय?' गोळीवर येणारी पाळी ही गोळी थांबल्याने होणारा रक्तस्राव असतो, बीज सुटल्याची खूण नव्हे, हे रुग्णाला सांगितलंच जात नाही. त्यातून ही फसवणुकीची भावना येते. पण गोळी जे करते ते कमी नाही. ती एलएच दाबते, एसएचबीजी वाढवते, आणि चेहऱ्यावरचे केस सहा महिन्यांनी तरी कमी वेगाने वाढू लागतात. डोळ्यांपुढे चमकणाऱ्या रेषा येऊन होणारी अर्धशिशी किंवा रक्ताच्या गुठळीचा इतिहास असेल तर ती द्यायची नसते, म्हणून मेडिकलवरून परस्पर आणून घेणं चूक. जिला ती नको तिनेही वर्षात किमान चार वेळा पाळी येईल एवढं पाहायला हवं. प्रोजेस्टेरॉनशिवाय गर्भाशयाचं अस्तर नुसतं जाड होत जातं. मग कधी महिनाभर अंगावर जातं, आणि वर्षानुवर्षं तसंच राहिलं तर अस्तराच्या कर्करोगाचा धोका वाढतो. मेड्रॉक्सिप्रोजेस्टेरॉन १० मिलिग्रॅम दहा दिवस, हा डॉक्टरच्या सल्ल्याने करायचा जुना आणि स्वस्त उपाय आहे. मेटफॉर्मिन हे मधुमेहाचं औषध इन्सुलिनच्या बाजूने काम करतं. ५०० मिलिग्रॅम जेवणासोबत सुरू करून एकदोन आठवड्यांनी वाढवत १५०० ते २००० पर्यंत न्यायचं. पहिल्याच दिवशी मोठा डोस दिला की मळमळ, जुलाब होतात आणि बाई औषधच टाकून देते. दीर्घकाळ घेतलं तर बी-१२ तपासावं लागतं.

आहाराच्या बाबतीत भोंदूगिरी दोन्हीकडे आहे. कुठलाही एक विशिष्ट आहार इतरांपेक्षा सरस ठरलेला नाही. ज्वारी गुणी आहे, पण तीही पिष्टच. चार भाकरी आणि चमचाभर वरण यांनी इन्सुलिन उतरत नाही. एक भाकरी कमी करून वाटीभर उसळ, अंडं किंवा दही वाढवणं, आठवड्याला किमान १५० मिनिटं दम लागेल असं चालणं आणि दोन दिवस ताकदीचा व्यायाम, इतकंच नीरस सत्य आहे. लातूरच्या शिकवणीच्या वसतिगृहात दिवसाचे बारा तास खुर्चीत काढणाऱ्या मुलीला हे सांगून काय होणार? मेसमध्ये रोज बटाटा आणि भात, आणि संध्याकाळी खाली उतरायला बंदी. तिथे राहणीमान हा त्या मुलीचा दोष नसून वेळापत्रक ठरवणाऱ्याचा निर्णय आहे.

आणि मराठवाड्यात 'पिशवीला काहीतरी आहे' या वाक्याचा शेवट कुठे होतो, हे आपण पाहिलेलं आहे. बीडच्या ऊसतोड कामगार बायकांची गर्भपिशवी काढण्याचं प्रकरण २०१९ मध्ये राज्यभर गाजलं, सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. सुमारे ८२ हजार बायकांच्या पाहणीत १३ हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली आढळली. त्यातल्या किती जणींना पीसीओएस होता हे कुणी तपासलेलं नाही, आणि तसा दावा मी करत नाही. कोयत्याची उचल, म्हणजे ऊसतोडीसाठी जोडप्याने आगाऊ घेतलेले पैसे, खाडा पडला की कापले जाणारे पैसे, फडात नसलेलं शौचालय, ही कारणं तिथे जास्त बोलकी आहेत. पण 'गाठ आहे, कॅन्सर होईल, काढून टाका' हा युक्तिवाद ज्या जमिनीत रुजतो, ती जमीन 'पीसीओ म्हणजे गाठी' असं सांगणाऱ्यांनीच नांगरून ठेवलेली असते. पिशवी काढली तरी वाढलेलं इन्सुलिन आणि अँड्रोजेन तसंच राहतं. अंडाशयंही काढली तर तिशीतच रजोनिवृत्ती आणि हाडांची झीज पदरात पडते.

मूल होणार का, हा घरातला सगळ्यात मोठा प्रश्न. त्याचं उत्तर तुलनेने सोपं आहे आणि तिथेही आपण वेळ दवडला. लेट्रोझोल हे बीज सुटण्यासाठीचं औषध, सुरुवातीला २.५ मिलिग्रॅम रोज पाच दिवस. २०११ मध्ये भारतात वंध्यत्वासाठी त्यावर बंदी आली. २०१४ मध्ये अमेरिकेत ७५० स्त्रियांवरच्या चाचणीत लेट्रोझोलने २७.५ टक्के जणींना बाळ झालं, क्लोमिफेन या जुन्या औषधाने १९.१ टक्के. आपली बंदी २०१७ मध्ये उठली. आज ते पहिल्या पसंतीचं औषध आहे आणि पीसीओएस असलेल्या बहुसंख्य स्त्रियांना मूल होतं. तेव्हा स्थळ मोडायला हा कागद पुरावा म्हणून चालत नाही.

शेवटचा आक्षेप सरकारी यंत्रणेचा. जिथे रक्तक्षय आणि बाळंतपणातले मृत्यू हटत नाहीत, तिथे पीसीओएसची चैन कशाला? आक्षेप प्रामाणिक आहे. पण यंत्रणेचा नकाशा पाहा. राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम १० ते १९ वयाचा. मधुमेह-रक्तदाबाची घरोघर तपासणी ३० वर्षांपुढची. मधली दहा वर्षं बाई यंत्रणेला दिसते ती फक्त गरोदर असताना, आणि पीसीओएस नेमका याच वर्षांत साखरेकडे सरकतो. गरोदरपणातल्या मधुमेहाचा धोका हिला जास्त, आणि तो होऊन गेलेली बाई पुढे मधुमेहाच्या दारात उभी असते. आशाताईंच्या वहीत 'गेल्या वर्षभरात पाळ्या किती आल्या' हा एक रकाना वाढवला आणि आठपेक्षा कमी सांगणाऱ्या प्रौढ बाईला उपकेंद्रात पाठवलं, तर नवीन इमारत लागत नाही, तज्ज्ञ लागत नाही, सोनोग्राफी तर नाहीच. लागतं ७५ ग्रॅम ग्लुकोज, ग्लुकोमीटर आणि दोन तास थांबायला एक बाक. गरोदर बायकांच्या तपासणीसाठी हे सगळं तिथे आधीच मांडलेलं आहे.